वडा सदस्य म्हणजे नेमकं काय? नेपाळ, बायका आणि निवडणुका

सिंहगडरोडवाला

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबचा वाटेल पण सुरुवात आमच्या सोसायटीच्या गेटवर झालीये. आमचा वॉचमन दादा नेपाळचा, तिकडे पार पश्चिमेला अछाम म्हणून जिल्हा आहे तिथला, दहाबारा वर्षं पुण्यातच आहे. परवा सकाळी दूध आणायला खाली गेलो तर हा व्हिडिओ कॉलवर, समोर बायको आणि तिच्या मागे दहापंधरा माणसं बसलेली, कुणीतरी तावातावाने हात करून बोलतंय. म्हटलं काय दादा, घरी काही कार्यक्रम आहे का. तर म्हणे नही साब, पानी की मीटिंग चल रही है, मेरी बीवी वडा सदस्य है.

मी हसलो. चुकलंच माझं, पण सकाळी सकाळी वडा म्हटल्यावर डोळ्यासमोर काय येणार. वडा म्हणजे तिकडे वॉर्ड. आणि ही बाई २०२२ ला निवडून आलीये, हा इथे गेटवर असताना. याला फोनवर कळलं की तिने फॉर्म भरलाय. दलित महिलेसाठी प्रत्येक वॉर्डात एक जागा असते म्हणे, त्या जागेवर.

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय आणि जास्तच गोंधळलोय. एकीकडे असं दिसतं की गावपातळीवर नेपाळात ४० टक्क्यांच्या वर बायका निवडून आल्यात, म्हणजे जगात मिरवण्यासारखा आकडा. दुसरीकडे तिथलं सरकार दीड वर्षसुद्धा धड टिकत नाही, २००८ ला राजा गेल्यापासून एकाही पंतप्रधानाने मुदत पूर्ण केली नाही, आणि सप्टेंबर २०२५ ला तर पोरांनी आंदोलन केलं, गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी संसद जळाली आणि मग सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. संसदेची निवडणूक ५ मार्च २०२६ ला ठरली.

तर माझा प्रश्न असा की जिथे वरचा मजला असा डळमळीत आहे तिथे खाली वॉर्डात बसलेल्या बाईच्या हातात खरंच काही असतं का, का आपल्याकडच्या सरपंचपतीसारखंच, सही हिची आणि कारभार दिराचा? नवरा तर इथे आमच्या गेटवर आहे. कुणी नेपाळात राहिलंय का? जाणकारांनी लिहा, गुगल करून मीही सांगू शकतो 😀

---

ललितपूरची_सुलू

मी लिहिते. नऊ वर्षं झाली इथे, नवऱ्याच्या नोकरीमुळे आले आणि राहिलेच. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे ते ४० टक्के काही लोकांचं मन मोठं झालं म्हणून आलेले नाहीत, कायद्याने आलेत. २०१७ ला इथे स्थानिक निवडणूक झाली ती तब्बल वीस वर्षांनी. आधीची १९९७ ची. मधे माओवाद्यांचं युद्ध, मग राजाचा गोंधळ, २००२ ला मुदत संपली ती संपलीच आणि पंधरा वर्षं गावं सरकारी बाबूंनी चालवली. म्हणजे २०१७ ला पस्तिशीतल्या बाईनेसुद्धा गावच्या निवडणुकीत आयुष्यात पहिल्यांदाच मत दिलं. आणि मतपत्रिका केवढी! एका माणसाला सात शिक्के मारायचे. मेयर, उपमेयर, वडा अध्यक्ष, एक महिला सदस्य, एक दलित महिला सदस्य आणि दोन खुले सदस्य. शिक्का स्वस्तिकाचा. आमच्या शेजारच्या आजी घरी येऊन म्हणाल्या की शेवटचे दोन शिक्के कुठे मारले ते देवालाच ठाऊक. बाद मतं भरपूर झाली त्यावेळी.

तर प्रत्येक वॉर्डात अध्यक्ष धरून पाच जण, त्यातल्या दोन बायका हव्यातच, त्यातली एक दलित. वॉर्ड आहेत ६७४३. हिशोब करा. दलित बायका एकट्या साडेसहा हजारांच्या वर निवडून आल्या त्या वर्षी, ज्यांना गावच्या नळावर हात लावू देत नव्हते त्या. काही वॉर्डांत उमेदवारच मिळाली नाही म्हणून जागा रिकाम्या राहिल्या तेही खरं.

दुसरा नियम असा की पक्ष जर मेयर आणि उपमेयर अशा दोन्ही पदांना उमेदवार देत असेल तर त्यातली एक बाई हवी. आता ओळखा पक्षांनी काय केलं असेल. ७५३ पालिका, त्यात प्रमुखपदी बायका १८. आणि उपप्रमुखपदी ७००! म्हणजे नियम पाळला, अगदी अक्षरशः पाळला, बाईला दोन नंबरची खुर्ची दिली. इथे माझ्या ओळखीच्या एक उपमेयर म्हणायच्या, आमचं नाव बदलून "उप" च ठेवा.

सरपंचपतीबद्दल नंतर लिहिते, मुलाला शाळेतून आणायचंय.

---

पाटणकर_मामा

सुलूताई तुमच्या त्या ललितपूरला पण पाटण म्हणतात ना? आमचं पाटण सातारा जिल्ह्यातलं, तेव्हा आपण गाववालेच की.

मी जे लिहितोय ते इथे नाव नाही म्हणून लिहितोय. मी सरपंचपती होतो. पाच वर्षं. आमच्या गावाला महिला राखीव सुटलं, मी तयारी केलेली तीन वर्षं, बॅनर, गणपती, क्रिकेटचे बॉल सगळं वाटून झालेलं, आणि सोडतीत महिला. मग काय हिला उभं केलं. प्रचारात पोस्टरवर माझा फोटो मोठा, हिचा बारका. निवडून आली. पहिले दोन वर्षं मीच बसायचो ग्रामपंचायतीत, ग्रामसेवक पण मलाच फोन करायचा, नवऱ्याने नातेवाईकाने बसायचं नाही असा जीआर आहे तो सगळ्यांना माहीत, वाचतो कोण.

मग पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं आणि माझ्याच पॅनलच्या लोकांनी अविश्वास आणायचं ठरवलं. आता गंमत बघा, बाई सरपंच असली तर तीन चतुर्थांश मतं लागतात, ती त्यांना जमवता आली नाहीत कारण तीन सदस्य बायका फुटल्याच नाहीत. त्या माझ्या बाजूच्या नव्हत्या, हिच्या बाजूच्या होत्या. मला पत्ताच नव्हता की ह्या चौघी दर गुरुवारी बचत गटात बसून ग्रामपंचायतीचंच बोलतात. त्यानंतर ही स्वतः जायला लागली आणि मी घरी. नंतर टाकी पण झाली.

तर वॉचमन दादाच्या बायकोचं एक बरंय, नवरा पुण्यात आहे 😂 हे मी चेष्टेत लिहीत नाहीये, खरंच.

प्रश्न असा सुलूताई की तिकडे त्या उपमेयर बाईला काम काय असतं? आमच्याकडं उपसरपंच म्हणजे झेंडावंदनाला दुसरा नारळ.

---

सडेतोड

हे सगळं ऐकायला छान आहे पण मुद्दा सोडून चाललंय. जिथे संसद जाळली जाते, शेकडो सरकारी कार्यालयं पेटवली जातात, तिथे टक्केवारी मोजून काय उपयोग. आधी देश स्थिर होऊ दे, कायदा सुव्यवस्था येऊ दे, मग कोटा. कोट्याने आलेल्या बायका नेत्यांच्या बायका मुलीच असतात, उदाहरण द्या नसल्याचं. भरतपूरची मेयर कोण झाली बघा, माओवादी नेते आणि माजी पंतप्रधान प्रचंड यांची मुलगी. २०१७ ला तिच्यासाठी मतमोजणी चालू असताना मतपत्रिका फाडल्या आणि एका वॉर्डात फेरमतदान घ्यावं लागलं. ही तुमची महिला सक्षमीकरणाची लोकशाही.

---

ललितपूरची_सुलू

आले परत.

सडेतोड, भरतपूरचं बरोबर आहे, रेणू दहाल, १९ नंबर वॉर्ड, मतपत्रिका फाडल्या, सगळं खरं. आणि २०२२ ला काठमांडूत काँग्रेसने (इथली नेपाळी काँग्रेस, आपली नव्हे) मेयरला बाई दिली ती सृजना सिंह, तीही नेत्याचीच बायको, दुसरी आली. पण तुम्ही वरची दहावीस नावं बघताय. साडेसहा हजार दलित बायका कुणाच्या मुली असणार हो? एवढे नेतेच नाहीत नेपाळात.

आणि त्याच काठमांडूत २०२२ ला काय झालं ते सांगते. मेयर झाला बालेन शाह, रॅपर, अपक्ष, त्याची बातमी आपल्याकडच्या पेपरातही आली. उपमेयर झाली सुनिता डंगोल, एमाले या कम्युनिस्ट पक्षाची, तरुण, इथल्या खोऱ्यातल्या मूळच्या नेवार समाजातली. मतं कुणाला जास्त पडली माहितीये? डंगोलला. बालेनला ६१ हजार काहीतरी आणि हिला ६८ हजारांच्या वर. म्हणजे लोकांनी दोन नंबरच्या खुर्चीवरच्या बाईला एक नंबरपेक्षा जास्त मतं दिली पण खुर्ची ती दोन नंबरचीच. बायकांना मतं पडत नाहीत, जिंकायची क्षमता नाही असं तिकीट वाटताना सांगतात ना, त्यांच्यासाठी हा आकडा मी पाठ करून ठेवलाय.

मामा, तुमचा प्रश्न. उपमेयर म्हणजे दुसरा नारळ नाही. संविधानाने तिला न्यायिक समितीची प्रमुख केलंय, तीन जणांची समिती. बांधाचं भांडण, पाटाचं पाणी, मजुरी बुडवली, जनावराने पीक खाल्लं, म्हाताऱ्या आईबापांना मुलगा खायला घालत नाही, घरभाडं, असली तेरा प्रकारची भांडणं ती थेट निकाली काढू शकते. आणखी अकरा प्रकारची, नवराबायकोचा घटस्फोट, किरकोळ मारहाण वगैरे, समजुतीने मिटवायची. शिवाय बजेट बनवायची समिती आणि कामांवर देखरेख ठेवायची समिती, दोन्ही तिच्याच हाताखाली. कागदावर तर मेयरपेक्षा जास्त काम आहे तिला.

कागदावर म्हणाले कारण २०१७ ला निवडून आलेल्या कित्येकजणी जेमतेम शाळा शिकलेल्या, कायद्याचा माणूस हाताखाली नाही, कार्यालयात वेगळी खोली नाही, आणि समोर दारू पिऊन मारणारा नवरा आणि मार खाल्लेली बायको उभी. मी एका डोंगरातल्या पालिकेत अशी सुनावणी पाहिलीये, मैत्रिणीबरोबर गेले होते. उपमेयर बाई पहिला अर्धा तास काहीच बोलली नाही, स्वेटर विणत होती. मला वाटलं झालं, ही बसवलेली आहे. मग तिने विचारलं, म्हैस कुणाच्या नावावर आहे? कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता. भांडण दारूवरून चाललेलं वाटत होतं पण नवऱ्याने बायकोच्या माहेरची म्हैस परस्पर विकलेली. गावातली बाई असल्याशिवाय हे सुचत नाही. पण त्याच दुपारी दुसऱ्या एका केसमधे तिने मारलेल्या बाईला "जरा सांभाळून घे" सांगून परत पाठवलं, आणि मैत्रीण परत येताना गाडीत रडली. दोन्ही एकाच दिवशी, एकाच बाईने. त्यामुळे मला कुणी विचारलं की उपयोग झाला का तर मी हो पण म्हणत नाही नाही पण म्हणत नाही.

आता सरपंचपतीचं. इथे नवरे नाहीयेतच गावात. मलेशिया, कतार, सौदी, नाहीतर तुमच्या गेटवर. परदेशातून मत द्यायची सोय नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ला सांगूनही झाली नाही. त्यामुळे डोंगरातल्या कित्येक गावांत मतदानाच्या रांगेत बायका आणि म्हातारेच. नवऱ्याची जागा घेतो पक्ष. इथे सगळं पक्षाचं असतं, दूध डेअरी पासून शाळेच्या समितीपर्यंत. वडा सदस्य बाईला नवरा सांगत नाही कुठे सही कर, वडा अध्यक्ष सांगतो, आणि तो पक्षाचा कार्यकर्ता. ६७४३ वॉर्डांत अध्यक्ष बाई शोधून काढावी लागते.

---

ऑरेंजसिटी

थोडी भर. हे सगळं हवेतून नाही आलं. १९९६ ते २००६ जे युद्ध झालं त्यात माओवाद्यांच्या सैन्यात बायका खूप होत्या, युएनने नंतर छावण्यांत मोजणी केली तेव्हा १९,६०२ लढवय्ये पक्के ठरले त्यात ३,८४६ बायका. बंदुका घेऊन लढलेल्या बायकांना परत जाऊन भात रांधा असं म्हणणं कुणालाही जड गेलं असतं. २००८ च्या संविधान सभेत ६०१ पैकी १९७ बायका होत्या, एक तृतीयांश, आपल्या लोकसभेने आजपर्यंत तेवढं बघितलेलं नाही. सडेतोड भाऊ म्हणतात आधी स्थिर होऊ द्या, पण तिथे जे मिळालं ते अस्थिर होतं तेव्हाच मिळालं ना. स्थिर होतं तेव्हा राजा होता. आपलं बघा, लोकसभा विधानसभेचा ३३ टक्क्यांचा कायदा २०२३ ला झाला तो पण जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेच्या खुंटीला टांगून, आणि महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ मधे वीसबावीस बायका. आम्ही तर चांगले स्थिर आहोत.

---

सडेतोड

लोकसभेशी तुलना करता तर नेपाळच्या संसदेत थेट निवडून आलेल्या किती ते पण सांगा. २०२२ ला १६५ पैकी ९. नऊ. बाकी सगळ्या यादीतून. लोकांनी निवडलेल्या नाहीत, पक्षाने बसवलेल्या आहेत.

---

ललितपूरची_सुलू

हा मुद्दा मान्य, शंभर टक्के. खरं दुखणं तिथेच आहे.

संविधान म्हणतं संसदेत प्रत्येक पक्षाच्या एक तृतीयांश बायका हव्यात. आता प्रतिनिधी सभेत २७५ जागा, त्यातल्या १६५ थेट आणि ११० समानुपातिक म्हणजे पक्षाच्या मतांवर यादीतून. पक्ष काय करतात, थेट जागा सगळ्या पुरुषांना आणि मग यादीत बायका भरून बेरीज जुळवतात. २०२२ ला एकूण ९१ बायका, थेट ९. आणि मग त्याच यादीतल्या बाईला सभागृहात ऐकवतात की तू समानुपातिक, तुला मतदारसंघ नाही, तू कुणाची प्रतिनिधी.

गावातही तीच हुशारी. २०२२ ला पाच पक्षांची सत्तेतली आघाडी झाली. मेयर काँग्रेसचा, उपमेयर माओवाद्यांचा, कुठे उलट. आता प्रत्येक पक्षाने एकच उमेदवार दिला, दोन पदांना दिलाच नाही, म्हणजे एक बाई हवी हा नियम लागूच होत नाही! दोन्ही पुरुष. उपप्रमुख बायका ७०० वरून साडेपाचशेच्या आसपास आल्या. प्रमुख १८ वरून २५ झाल्या त्याचेच पेढे वाटले. नियमात फक्त "पक्ष" ऐवजी "पक्ष किंवा आघाडी" लिहिलं असतं तर भागलं असतं, एका शब्दाचं काम. बायकांनी मोर्चे काढले, निवडणूक आयोगाकडे निवेदनं दिली, मी स्वतः एकाला गेले होते, पाऊस होता.

म्हणून सिंहगडरोडवाल्या दादांना माझं उत्तर असं की नुसत्या राखीव जागा वाढवून आता फार पुढे जाणार नाही, तिकीट कोण वाटतं त्या खोलीत बायका हव्यात, आणि थेट लढायच्या जागांवर नियम हवा. मी तर म्हणते मेयरपदंच आलटून पालटून राखीव करा, तुमच्या महाराष्ट्रात सरपंचपद करतात तसं. मामांसारखे चार जण बॅनर छापून बसतील, बसू देत.

आणि एक गोष्ट आपण महाराष्ट्राने इकडून घ्यावी. इथे पाच वर्षांत अविश्वास ठरावच नाही स्थानिक पातळीवर. निवडून आली की पाच वर्षं आहे. वर सरकारं कोसळतात पण वॉर्डातली बाई तिथेच असते. तुम्ही विचारलं होतं ना वरचा मजला डळमळीत असताना खाली काय, तर सप्टेंबरात कित्येक वडा कार्यालयंही जाळली, तरी निवडून आलेली माणसं पदावरच होती.

---

पाटणकर_मामा

अविश्वास नाही हे भारीच. पण मग चोर असला तरी पाच वर्षं सोसायचा? आमच्या शेजारच्या गावात बाई सरपंचच होती, तिने पण खाल्लेच पैसे, बाई म्हणून कमी खाल्ले नाहीत 😀

मंडळीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली उपमेयरला एवढी कामं आहेत तर पगार पण मेयरएवढा आहे का ते विचारा.

---

ललितपूरची_सुलू

वहिनींना सांगा नाही, मेयरपेक्षा कमी. वॉर्डातल्या बाईला तर मानधन म्हणावं असं फारसं काही नाहीच. भत्ता.

---

सिंहगडरोडवाला

सगळ्यांचे आभार, सुलूताईंचे जास्त. काल संध्याकाळी दादाला खाली गाठलं आणि निम्मं वाचून दाखवलं. न्यायिक समितीचं ऐकून तो म्हणाला की बायको तिच्या पालिकेच्या समितीवर नाही, पण वॉर्डातली भांडणं तिच्याच अंगणात येतात, चहासाखरेचा खर्च तोच पाठवतो. ते पाण्याचं पण मिटलं नाहीये अजून, नळ वरच्या आळीत आधी द्यायचा का खालच्या आळीत त्यावरून अडलंय आणि तिच्या माणसांची घरं खालच्या आळीत. मी विचारलं पुढच्या वेळी वडा अध्यक्षाला उभी राहणार का. त्याने फोन लावून थेट तिलाच विचारलं. ती काहीतरी भराभर बोलली आणि हा हसत सुटला. म्हटलं काय म्हणाली. म्हणे ती म्हणते २०२७ ला अजून वेळ आहे, आधी मार्चच्या मतदानाला तू येणार का ते सांग, नाव गावच्याच यादीत आहे.

तर आता नवीन प्रश्न. पुण्याहून बनबसा बॉर्डरपर्यंत जायचं, तिथून पलीकडे महेंद्रनगर आणि मग अछामपर्यंत डोंगरातली बस, म्हणजे जाऊन येऊन पंधरा दिवस तरी धरा. सोसायटीच्या ग्रुपवर मी बदली वॉचमनचं विचारलं तर आमचे चेअरमन लिहितात, "एका मतासाठी पंधरा दिवस सुट्टी??" आणि खाली सात जणांचे अंगठे. पंधरवड्यापुरता बदली माणूस सिंहगड रोड भागात कुणी देतं का? आणि बनबसापर्यंत बरेलीवरून जाणं सोपं का दिल्लीवरून?